जमिनीखालचा पाइप : भार कोण पेलतो?

घराचे बांधकाम चालू असते. पाया झालेला असतो, जोते वर आलेले असते आणि एका बाजूला तपकिरी किंवा करड्या रंगाचे प्लॅस्टिकचे लांब पाइप रचून ठेवलेले असतात. हे सांडपाण्याचे पाइप. न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघर यांतून येणारे पाणी ते जमिनीखालून रस्त्यातील मोठ्या गटारापर्यंत किंवा सेप्टिक टाकीपर्यंत नेतात. एकदा चर बुजवला, वर फरशी बसली, की पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पाहायची वेळ आलीच, तर काहीतरी बिघडले असे समजावे.

या पाइपांपैकी १६० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप आपण घेऊ. त्याची भिंत सुमारे ४ मिलिमीटर जाड असते. त्याचा ३० सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापून आडवा ठेवला, खालीवर फळ्या ठेवल्या आणि वरच्या फळीवर ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस उभा राहिला, तर पाइप जवळजवळ एक सेंटिमीटर दबतो. माणूस उतरला की पुन्हा गोल होतो.

आता हाच पाइप दीड मीटर खोल पुरला असे समजा. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १,८०० किलोग्रॅम धरले, तर दीड मीटर मातीचा भार दर चौरस मीटरवर २,७०० किलोग्रॅम होतो. पाइपची रुंदी १६ सेंटिमीटर. म्हणून त्याच्या दर मीटर लांबीवर ०.१६ × २,७०० = ४३२ किलोग्रॅम भार आला. म्हणजे प्रत्येक मीटरवर सात माणसे कायमची उभी! फळ्यांमध्ये धरून एवढा भार दिला, तर पाइप सुमारे दोन सेंटिमीटर दबेल. पण नीट पुरलेला पाइप प्रत्यक्षात एक मिलिमीटरसुद्धा दबत नाही. मग बाकीचा भार पेलतो कोण?

या प्रश्नाचे उत्तर ज्या गवंड्याला माहीत आहे त्याने टाकलेली लाइन टिकते. ज्याला ते माहीत नाही तो पाइप चरात टाकतो, वर दगडगोटे आणि माती लोटतो आणि मोकळा होतो.

गळती कशी महाग पडते

लंडनमधील ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावर १८५४ साली पटकीची मोठी साथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे कुठे झाले याची नोंद करून, साथीचे मूळ तेथील सार्वजनिक पंपाच्या पाण्यात आहे असे दाखवले. पुढे १८५५ साली खोदून पाहिले, तेव्हा पंपाच्या विहिरीपासून एक मीटरपेक्षाही कमी अंतरावर मैल्याची एक विटांची टाकी सापडली. तिच्या विटा आणि सांधे खराब झाले होते आणि मैल्याचे पाणी मातीतून विहिरीकडे झिरपत होते.

पाइपची लाइन गळते, तुंबते किंवा खचते तेव्हाही असेच घडू शकते. शिवाय तुंबलेल्या लाइनमुळे दुसरा धोका उभा राहतो. ती साफ करण्यासाठी कोणाला तरी चेंबरमध्ये उतरवले जाते. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू असतात. त्यांनी क्षणात माणूस बेशुद्ध पडतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असे काम करायला लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही असे मृत्यू होत आले आहेत. म्हणून पाइप टाकताना केलेला आळस हा केवळ पैशांचा प्रश्न नसतो.

कडक नळ आणि लवचीक नळ

पूर्वी सांडपाण्यासाठी भाजक्या मातीचे खापरी नळ, सिमेंटचे नळ किंवा बिडाचे नळ वापरत. हे कडक नळ होत. भार आला की ते आकार बदलत नाहीत. भार फारच वाढला तर एकदम तडकतात. सगळा भार त्यांना स्वतःच्या भिंतीच्या ताकदीवर पेलावा लागतो.

पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना हा पदार्थ १८७२ साली प्रथम मिळाला, पण त्याचे पाइप होण्यास १९३० नंतरचे दशक उजाडावे लागले. पीव्हीसीचा पाइप हलका असतो, गंजत नाही आणि आतून गुळगुळीत असतो. मात्र तो लवचीक असतो. वरून भार आला की त्याचे वर्तुळ किंचित चपटे होते. उंची कमी होते आणि दोन्ही बाजू बाहेर येऊ पाहतात.

येथेच खरी गंमत आहे. बाजूला घट्ट माती असेल, तर बाहेर येऊ पाहणाऱ्या भिंती त्या मातीला ढकलतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे माती त्यांना तेवढ्याच बलाने उलट ढकलते. बाजू बाहेर येऊ शकल्या नाहीत, की माथाही खाली येऊ शकत नाही. अशा रीतीने पाइप आपला भार आजूबाजूच्या मातीवर सोपवतो. बाजूची माती पोकळ असेल तर मात्र पाइप एकटा पडतो.

करून पाहा

बुटांचे रिकामे खोके घ्या. खोक्याच्या रुंदीएवढी लांब आणि सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाची नळी जाड कागदाची करा व कडा चिकटवा.

१. नळी टेबलावर आडवी ठेवा. वर एक छोटी फळी ठेवून एकेक पुस्तक चढवा. किती पुस्तकांना नळी चपटी होते ते लिहून ठेवा.

२. खोक्यात वाळूचा थर द्या. तशीच दुसरी नळी त्यावर आडवी ठेवा. दोन्ही बाजूंना थोडी थोडी ओलसर वाळू घालून बोटांनी घट्ट दाबत वर या. नळीवर तीन-चार सेंटिमीटर वाळू आली की फळी ठेवा आणि पुस्तके चढवा.

३. तिसरी नळी घेऊन पुन्हा तेच करा. या वेळी कोरडी वाळू नुसती ओता, दाबू नका.

खोक्याला नळीच्या टोकापाशी छिद्र पाडले, तर आतील उंची पट्टीने मोजता येते. तिन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडा. नळी एकच, कागद एकच. फरक आहे तो बाजूच्या वाळूचा.

आकडे काय सांगतात

अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतातील पाण्याच्या निचऱ्यासाठी पुरलेले नळ फुटत. त्यामुळे तेथील अॅन्सन मार्स्टन यांनी पुरलेल्या नळांवर मातीचा भार किती येतो याचा अभ्यास केला आणि १९१३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांचे विद्यार्थी एम. जी. स्पँगलर यांनी १९४१ साली लवचीक नळ किती दबेल हे काढण्याचे सूत्र दिले. पुढे त्यात सुधारणा झाल्या. ते साध्या रूपात असे मांडता येते :

दबण्याचे प्रमाण = (०.१ × मातीचा दाब) ÷ (८ × पाइपचा ताठपणा + ०.०६१ × बाजूच्या मातीचा प्रतिकार)

दबण्याचे प्रमाण म्हणजे उंचीतील घट भागिले व्यास. भाजकात दोन पदे आहेत हे लक्षात घ्या. पहिले पाइपचे, दुसरे मातीचे. जणू दोन भिडू मिळून ओझे उचलत आहेत.

भूमिगत सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपांसाठी भारतीय मानक १५३२८ आहे. त्यात ताठपणानुसार एसएन २, एसएन ४ आणि एसएन ८ असे वर्ग आहेत. हे आकडे किलोपास्कलमध्ये आहेत. आपल्या उदाहरणात दीड मीटर मातीचा दाब सुमारे २७ किलोपास्कल, म्हणजे सूत्राचा अंश २.७ झाला. बाजूला चांगली ठोकलेली वाळू-खडी असेल तर तिचा प्रतिकार सुमारे ७,००० किलोपास्कल धरता येतो. नुसती लोटलेली बारीक माती असेल तर तो ७०० च्या आसपासच असतो. आता गणित करू.

एसएन ४, ठोकलेला भराव : २.७ ÷ (३२ + ४२७) = ०.६ टक्के, म्हणजे ०.९ मिलिमीटर.

एसएन ४, सैल माती : २.७ ÷ (३२ + ४३) = ३.६ टक्के, म्हणजे ५.८ मिलिमीटर.

एसएन ८, सैल माती : २.७ ÷ (६४ + ४३) = २.५ टक्के, म्हणजे ४ मिलिमीटर.

एसएन ८, ठोकलेला भराव : २.७ ÷ (६४ + ४२७) = ०.५५ टक्के, म्हणजे ०.९ मिलिमीटर.

पहिल्या ओळीत पाइपचा वाटा ३२ आणि मातीचा ४२७ आहे. शंभरातले त्र्याण्णव भाग काम मातीने केले! दुसऱ्या ओळीत पाइप तोच आहे, पण तो सहापट दबला. तिसऱ्या ओळीत पैसे जास्त देऊन दुप्पट ताठ पाइप आणला, तरी सैल मातीमुळे तो पहिल्या ओळीतील स्वस्त पाइपच्या चौपट दबला. चौथ्या ओळीत महाग पाइपचा फायदा जवळजवळ दिसतच नाही.

सैल माती वर्षानुवर्षे बसत जाते आणि त्याबरोबर पाइपही दबत जातो. ही वाढ मूळच्या दीडपट धरली, तर दुसऱ्या ओळीतील पाइप ५ टक्क्यांच्या पुढे जातो, आणि दबण्याची मर्यादा साधारण ५ टक्केच मानतात. वरून ट्रक जात असतील तर त्यांचा भार आणखी वेगळा. पाइप फार लंबगोल झाला, की सांध्यातील रबर रिंगेवर सगळीकडे सारखा दाब राहत नाही आणि गळती सुरू होते.

चर कसा भरावा

आता कामाच्या जागेवर जाऊ. चराच्या तळातील दगड आणि मुळे काढून त्यावर सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा किंवा बारीक खडीचा थर देतात. ही पाइपची गादी. पाइप विटांच्या किंवा दगडांच्या तुकड्यांवर टेकवून उतार साधण्याची पद्धत चुकीची आहे. तेवढ्या दोन ठिकाणी सगळा भार एकवटतो आणि मधला भाग वाकतो. पाइपचे तोंड, म्हणजे सॉकेट, जाड असते. म्हणून त्याच्याखाली गादीत छोटी खळगी करतात. तसे केले म्हणजे पाइप संपूर्ण लांबीवर टेकतो.

यानंतर सर्वांत महत्त्वाची जागा येते. पाइपच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना ज्या अरुंद कुशी राहतात, त्यांत वरून टाकलेली माती आपोआप जात नाही. तेथे हाताने वाळू सारून काठीने किंवा लाकडी ठोकळ्याने घट्ट बसवावी लागते. मग दोन्ही बाजूंना एकाच वेळी, पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर देत आणि ठोकत पाइपच्या माथ्यापर्यंत यायचे. एकच बाजू आधी भरली तर पाइप सरकतो. माथ्यावर आणखी ३० सेंटिमीटर बारीक भराव हलक्या हाताने बसवायचा. त्यानंतरच वरची माती टाकायची आणि जड धुम्मस चालवायचे.

दख्खनच्या पठारावर आणखी एक अडचण आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पाणी मिळाले की ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. अशी माती पाइपभोवती भरली, तर ती पावसाळ्यात त्याला रेटते आणि उन्हाळ्यात सोडून देते. ज्या भिडूवर आपला सगळा भरवसा, तोच निम्मे वर्ष गैरहजर! म्हणून काळ्या मातीत चर थोडा जास्त खोल-रुंद करून पाइपभोवती वाळू, बारीक खडी किंवा चाळलेला मुरूम भरतात.

आणि चरात उतरणाऱ्या माणसाचे काय? एक घनमीटर माती पावणेदोन टनांची असते. उभ्या कडेचा चर ढासळला, तर छातीपर्यंत गाडलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या कडांना फळ्यांचा आणि आडव्या टेकूंचा आधार हवा किंवा कडा उतरत्या हव्यात. खणलेली माती कडेलाच रचू नये. तिचा भार कडेला ढकलतो.

उतार किती द्यावा

या पाइपमध्ये पंप नसतो. पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहते. त्याचा वेग इतका हवा, की घाण तळाशी साचू नये. हा वेग सेकंदाला ०.६ मीटरपेक्षा कमी नसावा असा संकेत आहे.

आयरिश अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे वेग हा उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १६० मिलिमीटरचा पाइप निम्मा भरून वाहत असेल, तर १०० मीटरला १ मीटर उतारावर वेग सेकंदाला सुमारे १ मीटर येतो. उतार चौथाई केला, म्हणजे ४०० ला १ केला, तर वेग निम्मा, सुमारे ०.५ मीटर. ही लाइन तुंबणार. उतार चौपट, म्हणजे २५ ला १ केला, तर वेग २ मीटर. पण तेवढ्यासाठी चरही चौपट उतरता खणावा लागतो, आणि वेगाने धावणाऱ्या पाण्याची खोली कमी होत जाते. म्हणून १६० मिलिमीटरच्या पाइपला साधारण १०० ला १ आणि ११० मिलिमीटरच्या पाइपला साधारण ६० ला १ उतार देतात.

१०० ला १ म्हणजे सहा मीटरच्या एका पाइपला फक्त ६ सेंटिमीटर. हे डोळ्यांना दिसत नाही. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी काढतो, दोरी ताणतो आणि पाणसळीने पडताळून पाहतो. जोडलेल्या नळीत दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते, हा शाळेतला नियम येथे रोज उपयोगी पडतो. मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते.

सांध्यात थोडी जागा

पाइप खालच्या टोकाकडून वर जोडत जातात आणि सॉकेटचे तोंड चढाकडे ठेवतात. रबर रिंगेला साबणाचे पाणी लावतात. तेल किंवा ग्रीस लावत नाहीत, कारण त्याने रबर खराब होते. पाइप पूर्ण आत ढकलला, की खूण करून तो सुमारे १० मिलिमीटर मागे घेतात. असे का?

पीव्हीसीचा रेषीय प्रसरणांक अंश सेल्सियसला सुमारे ०.००००७ आहे, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ सहापट. सहा मीटरच्या पाइपचे तापमान ३० अंशांनी बदलले, तर लांबी ०.००००७ × ६,००० × ३० = सुमारे १३ मिलिमीटर बदलते. दुपारच्या उन्हात तापलेला पाइप चरात थंड झाला की आखडतो. पहाटे जोडलेला पाइप दुपारी वाढतो. वाढायला जागा नसेल तर तो वाकेल किंवा सांधा सरकवेल. म्हणून पाइप सावलीत ठेवावेत आणि जोडल्यावर चर फार दिवस उघडा ठेवू नये.

पाइप पाण्यावर तरंगतो

पीव्हीसीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट आहे, म्हणून त्याचा तुकडा पाण्यात बुडतो. पण टोके बंद केलेला रिकामा पाइप? १६० मिलिमीटरच्या पाइपचा एक मीटर भाग सुमारे २० लिटर पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याला २० किलोग्रॅम वजनाएवढे बल वर ढकलते. त्याचे स्वतःचे वजन पावणेतीन किलोच. म्हणजे मीटरला सतरा किलो आणि सहा मीटरच्या पाइपला शंभर किलोहून अधिक बल वर उचलते! रात्री पाऊस पडून चर भरला, तर दिवसभर साधलेला उतार सकाळी नाहीसा झालेला असतो. म्हणून चाचणीसाठी सांधे उघडे ठेवून प्रत्येक पाइपच्या मध्यावर भराव टाकून ठेवतात.

झाकण्यापूर्वी

लाइनचे खालचे टोक बुचाने बंद करून पाणी भरतात आणि वरच्या टोकाला दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा करतात. याचा दाब सुमारे १५ किलोपास्कल होतो. पातळी उतरू लागली, तर कुठेतरी सांधा गळतो आहे. दुसरी चाचणी त्याहून सोपी आहे. एका चेंबरमध्ये विजेरी आणि दुसऱ्या चेंबरमध्ये आरसा धरायचा. प्रकाश सरळ रेषेत जातो. म्हणून पाइप सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल उजेड दिसतो. कुठे पोट खाली गेले असेल तर गोलाचा तुकडा कापलेला दिसतो. या दोन्ही चाचण्यांना थोडे पाणी, एक आरसा आणि थोडा वेळ एवढेच लागते. माती टाकल्यावर मात्र हीच चूक शोधायला अंगण खणावे लागते.

तुमच्या गावात असे काम चालू असेल तर शिक्षकांबरोबर जाऊन पाहा. चराच्या कडेपासून दूर उभे राहा. पाइपवर कोणता वर्ग छापला आहे ते वाचाच, पण त्याहून अधिक लक्ष द्या ते पाइपच्या कुशीत कोण काय भरत आहे याकडे.

विचार करा

१. सपाट जमिनीवर १८ मीटर लांबीची लाइन १०० ला १ उताराने टाकायची आहे. वरच्या टोकाला पाइपचा तळ ६० सेंटिमीटर खोल आहे. खालच्या टोकाला तो किती खोल असेल?

२. ११० मिलिमीटर व्यासाच्या बंद पाइपचे वजन मीटरला सुमारे १.५ किलोग्रॅम आहे. पाण्याने भरलेल्या चरात त्याला मीटरला किती बल वर उचलेल?

३. वरील सूत्रात पाइप तीन मीटर खोल पुरला, तर एसएन ४ चा पाइप ठोकलेल्या भरावात किती टक्के दबेल?

४. खापरी नळासाठी बाजूच्या मातीचे महत्त्व लवचीक पाइपएवढे का नसते?

(उत्तरे : १. ७८ सेंटिमीटर. २. सुमारे ८ किलोग्रॅम वजनाएवढे. ३. सुमारे १.२ टक्के. ४. याचे उत्तर लेखातच शोधा.)